पट्टी एका क्वेरीत कशी आणायची: डायनॅमोडीबीत की आणि नाती

तुमचा प्रश्न मला समजला तो असा. वाशीच्या फळबाजारातल्या अडत्यांसाठी अ‍ॅप आहे. पेढी, शेतकरी, आवक (आलेला माल), लॉट (त्यातला एकत्र विकायचा हिस्सा), विक्री, खरेदीदार आणि पट्टी (शेतकऱ्याला द्यायचा विक्रीचा हिशोब) अशी सात टेबलं मायएसक्यूएलमध्ये होती, ती तशीच्या तशी डायनॅमोडीबी या अ‍ॅमेझॉनच्या डेटाबेसवर आणली. सगळीकडे यूयूआयडी (आपोआप बनणारा लांब आयडी) ही की, म्हणजे नोंद ओळखण्याची खूण, फक्त शेतकऱ्याला मोबाइल नंबर. आता एक पट्टी उघडायला वीसेक कॉल जातात, दोन ठिकाणी स्कॅन (अख्खं टेबल वाचणं) चालतो, आणि ज्या शेतकऱ्याने नंबर बदलला त्याच्या जुन्या पट्ट्या सापडत नाहीत. तुम्ही विचारताय की जॉइन कसा करायचा, म्हणजे टेबलं जोडून एकच उत्तर कसं आणायचं, आणि सगळं एकाच टेबलात कोंबावं का.

जॉइन नाही, आणि तो मुद्दामच ठेवलेला नाही. मायएसक्यूएलमध्ये माहिती आधी नीट मांडायची, प्रश्न नंतर कधीही विचारायचे. इथे प्रश्न आधी माहीत असावे लागतात, कारण माहिती त्यांच्याच क्रमाने लावून ठेवायची असते. पेढीवरच्या मेहताजींना, म्हणजे हिशोबनीसांना, हे समजावून सांगावं लागणार नाही. तोच व्यवहार ते कीर्दीत तारखेने लिहितात आणि खतावणीत नावाने, कारण ‘आज काय झालं’ आणि ‘अमक्याकडून किती येणं आहे’ हे दोन वेगळे प्रश्न आहेत आणि दोन्ही रोज विचारले जातात. तुमच्या सात टेबलांत माहिती सगळी आहे, पण ती ना कीर्दीच्या क्रमाने लागलीय, ना खतावणीच्या. अडचण तिथे आहे.

त्याआधी एक न विचारलेली गोष्ट. तीस-चाळीस पेढ्या असतील आणि मालक दर आठवड्याला नवीन रिपोर्ट मागत असतील, तर पोस्टग्रेस (मायएसक्यूएलसारखाच जॉइनवाला डेटाबेस) घ्या आणि सुखी राहा. तेवढ्या डेटाला एक मध्यम सर्व्हर पुरून उरतो. डायनॅमोडीबीवर राहण्याची कारणं वेगळी असतात: प्रश्न ठरलेले आहेत, भार विषम आहे (पहाटे तुफान, दुपारनंतर सामसूम, मार्च ते मे हापूसची झुंबड, नंतर ओसर), आणि सर्व्हर सांभाळायला माणूस नाही. तुमच्या वर्णनावरून हे तिन्ही लागू दिसतं, म्हणून पुढचं सगळं डायनॅमोडीबी धरून. एकच पेढी स्वतःपुरतं अ‍ॅप वापरणार असेल तर यातलं निम्मं तुम्हाला नको.

आता कागद घ्या आणि प्रश्न लिहा, टेबलं नकोत. तुमच्या अ‍ॅपला साधारण हे लागतील: एका पेढीची आजची आवक, लॉट आणि विक्रीसकट, एका शेतकऱ्याच्या सगळ्या पट्ट्या, सगळ्या पेढ्यांकडच्या, एक पट्टी पूर्ण, ज्यांची पट्टी व्हायची आहे असे लॉट, ज्यांच्याकडे बाकी आहे असे खरेदीदार, सगळ्यात जुनी बाकी आधी, आणि फळबाजाराचा आजचा भाव. प्रत्येकापुढे लिहा की तो दिवसातून किती वेळा येईल, आणि उत्तर दोन-तीन सेकंद शिळं असलं तर चालेल का. हा दुसरा रकाना बहुतेक जण सोडतात आणि मग इंडेक्स (त्याच माहितीची दुसऱ्या क्रमाने लावलेली यादी) निवडताना अडकतात.

पुढे की देवनागरीत लिहितोय ते वाचायला सोपं जावं म्हणून. कोडमध्ये आखूड रोमन अक्षरं आणि इंग्रजी आकडे (0 ते 9) वापरा. देवनागरीचं प्रत्येक अक्षरचिन्ह यूटीएफ-८ मध्ये ३ बाइट घेतं, आणि अ‍ॅट्रिब्यूटचं नावसुद्धा आयटमच्या आकारात मोजलं जातं (आयटम म्हणजे एक नोंद, अ‍ॅट्रिब्यूट म्हणजे तिचा रकाना).

ओळख आधी

मोबाइल नंबर की म्हणून चुकीचा का, ते तुम्हाला कळलंच आहे, पण नियम त्याहून मोठा आहे. डायनॅमोडीबीत आयटमची की बदलता येत नाही. नवीन कीने नवा आयटम घालायचा, जुना उडवायचा, आणि ज्या-ज्या आयटममध्ये ती की संदर्भ म्हणून लिहिली आहे ते सगळे शोधायचे. म्हणून बाहेरच्या जगाने दिलेलं काहीही मूळ ओळख करू नये: मोबाइल नंबर नको, गाळा नंबर नको, नाव तर नकोच. गाळा भाड्याने जातो, विकला जातो; एक पेढी दोन गाळ्यांत बसते. ओळख पेढीची ठेवा आणि गाळा नंबर हे तिचं साधं अ‍ॅट्रिब्यूट करा. शेतकऱ्याला एक यूएलआयडी द्या, म्हणजे २६ अक्षरांचा, वेळेच्या क्रमाने लागणारा आयडी.

नावाबद्दल ‘नकोच’ म्हणालो त्याला मराठीतलं खास कारण आहे. की बाइट-बाइट जुळवली जाते. ‘गोऱ्हे’ हे आडनाव एका कीबोर्डवरून ‘ऱ’ हे एकच चिन्ह म्हणून येतं, दुसऱ्यावरून ‘र’ आणि नुक्ता अशी दोन चिन्हं म्हणून. पडद्यावर दोन्ही सारखी, बाइट वेगळे, आणि क्वेरी रिकामी परत येते. नावाने शोध द्यायचाच असेल तर साठवताना आणि शोधताना, दोन्ही वेळा मजकूर युनिकोडच्या एनएफसी या ठरलेल्या एकाच रूपात आणून मगच वापरा. क्रमसुद्धा वर्णमालेचा मिळत नाही: ‘ळ’ हा ‘ह’नंतर न येता ‘ल’ला चिकटून येतो. यादी लहान असेल तर क्रम फोनवरच लावा.

मग मोबाइल नंबरवरून लॉगिन कसं करायचं? त्यासाठी वेगळा छोटा आयटम. त्याची पार्टिशन की (आयटम कुठल्या गटात बसेल ते ठरवणारा कीचा पहिला भाग) ‘मोबाइल#नंबर’ आणि आत फक्त शेतकऱ्याचा यूएलआयडी. नवीन शेतकरी नोंदवताना एकाच ट्रान्झॅक्शनमध्ये (सगळं होईल किंवा काहीच नाही, अशा लिखाणात) दोन्ही आयटम घाला आणि मोबाइलच्या आयटमला ‘ही की आधी नसावी’ ही अट लावा. एका नंबरावर दोन खाती होऊ न देण्याचा हाच रस्ता आहे, कारण कीशिवाय दुसऱ्या कुठल्याही अ‍ॅट्रिब्यूटवर युनिकची अट इथे लावता येत नाही. नंबर बदलला की जुना मोबाइल-आयटम काढा, नवा घाला, शेतकऱ्याच्या आयटममधला नंबर बदला, सगळं एकाच ट्रान्झॅक्शनमध्ये. पट्ट्यांना हातही लागत नाही.

पेढीची कीर्द

पार्टिशन की पेढी, आणि सॉर्ट कीमध्ये, म्हणजे गटातला क्रम ठरवणाऱ्या दुसऱ्या भागात, नात्यांची उतरंड:

पेढी#००७ | आवक#२०२५-०४-१२#००३
पेढी#००७ | आवक#२०२५-०४-१२#००३#विक्री#(यूएलआयडी)

पहिली ओळ लॉट, दुसरी त्या लॉटची एक विक्री. सॉर्ट कीच्या सुरुवातीला ‘आवक#२०२५-०४-१२#’ अशी अट देऊन एक क्वेरी टाकली की दिवसाचे सगळे लॉट, प्रत्येकाच्या खाली त्याच्या विक्री, लावलेल्या क्रमाने येतात. ‘#००३’ पर्यंत दिलं तर एकाच लॉटचं कुटुंब. एकास-अनेक नातं इथे फॉरेन कीने (दुसऱ्या टेबलाच्या कीचा संदर्भ ठेवून) जुळत नाही, शेजारी बसवून जुळतं.

खर्चाचा फरक मोजून बघा. ३०० बाइटचे ४० आयटम एका क्वेरीत आले तर त्यांची बेरीज करून, साधारण १२ केबी, मग ती ४ केबीच्या टप्प्यात वर नेली जाते: ३ रीड युनिट (वाचनाचं बिल मोजायचं माप), आणि किंचित शिळं चालत असेल तर दीड. तेच ४० आयटम एकेक करून मागितले तर प्रत्येकी ४ केबी धरले जातात: ४० युनिट किंवा २०. बॅच गेट (अनेक आयटम एका फेरीत मागणं) वापरलं तरी प्रत्येक आयटम वेगळाच मोजतात. फेऱ्या कमी होतात, बिल नाही.

या कीमध्ये चार ठिकाणी ठेच लागते. आकडे शून्य लावून सारख्या लांबीचे ठेवा, कारण स्ट्रिंगच्या क्रमात ‘१०’ हा ‘२’च्या आधी येतो, आणि ‘लॉट#१’ने सुरू होणारं मागितलं की दहावा, अकरावा, बारावाही येतो. तारीख वर्ष-महिना-दिवस अशीच लिहा. लॉटचा अनुक्रम फोनवर ठरवू नका, दोन फोन एकाच वेळी ००४ ठरवतील. आणि चौथी, जी खास बाजाराची आहे: तारीख यूटीसीतून (जागतिक प्रमाणवेळेतून) काढू नका. भारतीय वेळेनुसार पहाटे साडेपाचपर्यंत यूटीसीत आदलाच दिवस चालू असतो, आणि तुमच्या गाड्या नेमक्या त्याच वेळात उतरतात. पहाटे दोनची आवक मग कालच्या कीर्दीत जाऊन बसते आणि सकाळी मेहताजी म्हणतात, ‘माल गेला कुठे?’ ‘बाजाराची तारीख’ हे वेगळं अ‍ॅट्रिब्यूट भारतीय वेळेने ठरवा, कीमध्ये तेच जाऊ द्या. नेमका क्षण हवा तर यूटीसीत वेगळा साठवा.

पार्टिशन कीमध्ये महिना घालावा का, असंही तुम्ही विचारलंय. नको. एका फिजिकल पार्टिशनला (डेटा प्रत्यक्ष ठेवला जातो त्या तुकड्याला) सेकंदाला १००० राइट युनिट (लिखाणाचं माप) आणि ३००० रीड युनिट ही मर्यादा आहे. एक पेढी हापूसच्या ऐन भरातही तिच्या आसपास फिरकणार नाही. साइजचं म्हणाल तर एका पार्टिशन कीखाली १० जीबीची मर्यादा फक्त लोकल सेकंडरी इंडेक्स (त्याच पार्टिशन कीखाली वेगळा क्रम) असेल तेव्हाच लागते, आणि तो इंडेक्स टेबल बनवतानाच द्यावा लागतो, नंतर जोडता येत नाही. मी तो सहसा वापरतच नाही. महिना घातला तर ‘२५ मार्च ते ५ एप्रिल’ हा साधा प्रश्न दोन क्वेरींचा होतो, मिळत काहीच नाही.

पेढी पार्टिशन कीमध्ये असण्याचा आणखी एक फायदा: आयएएमच्या (अ‍ॅमेझॉनच्या परवानगी-व्यवस्थेच्या) धोरणात लीडिंग कीजची, म्हणजे पार्टिशन कीवरची, अट लावून एका पेढीच्या तात्पुरत्या क्रेडेन्शियलला दुसऱ्या पेढीचा डेटा मुळातच बंद करता येतो. शेजारच्या गाळ्याला आपला भाव दिसला तर अडत्या दुसऱ्या दिवशी अ‍ॅप काढून टाकेल.

एक विक्री, तीन नोंदी

विक्री नोंदवण्यात खरी मेख आहे, म्हणून ती सावकाश बघू. लॉट ००३ मध्ये २० पेट्या आहेत. दोन फोनवरून दोन माणसं विकताहेत. एकाने ८ विकल्या, दुसऱ्याने १५. दोघांच्याही पडद्यावर शिल्लक २० दिसतेय.

मी हे एका ट्रान्झॅक्शनमध्ये तीन कामं म्हणून लिहितो. पहिलं, विक्रीचा आयटम घालणे, अट: ही की आधी नसावी. दुसरं, लॉटच्या आयटममध्ये शिल्लक कमी करणे आणि ‘आवृत्ती’ हा आकडा एकाने वाढवणे, अट: शिल्लक मागितलेल्या पेट्यांहून कमी नसावी, आणि लॉटवर पट्टी क्रमांक नसावा. तिसरं, खरेदीदाराच्या येण्यात रक्कम मिळवणे. दोघांपैकी उशिरा पोचलेल्याची अट फसते आणि तिन्ही कामं रद्द होतात. अर्धवट काही राहत नाही.

विक्रीचा यूएलआयडी फोनवरच, बटण दाबण्याआधी तयार व्हायला हवा, सर्व्हरवर नाही. नेटवर्क मध्येच गेलं की उत्तर येत नाही आणि माणूस पुन्हा बटण दाबतो. सर्व्हरवर आयडी बनत असेल तर दुसरी विक्री तयार होते आणि येणं दुप्पट होतं, कारण रकमेत मिळवण्याचं काम जितक्या वेळा पाठवाल तितक्या वेळा होतं. आयडी फोनवरचा असेल तर दुसऱ्या खेपेला पहिली अट फसते आणि अ‍ॅपने त्याचा अर्थ ‘आधीच झालंय’ असा लावायचा. डायनॅमोडीबीच्या ट्रान्झॅक्शनला क्लायंट रिक्वेस्ट टोकन (तीच विनंती पुन्हा आली हे ओळखायची खूण) देता येतं, पण त्याचा परिणाम १० मिनिटंच टिकतो. फोन खिशात टाकून चहाला गेलेल्या माणसाला ते पुरत नाही.

दोन ट्रान्झॅक्शन एकाच लॉटवर त्याच क्षणी आले तर अट न फसताही एक ‘कॉन्फ्लिक्ट’ म्हणून परत येईल. ती चूक नाही. थोडं थांबून पुन्हा पाठवायचं. रद्द होण्याची कारणं कामांच्या क्रमाने यादीत मिळतात, ती वाचून ‘शिल्लक नाही’ आणि ‘पुन्हा प्रयत्न करा’ यांत फरक करा. सरसकट ‘एरर’ दाखवलीत तर लोक वहीवर परत जातील.

पट्टी आत घालावी की वेगळी

विक्री वेगवेगळ्या आयटममध्ये ठेवल्या, मग पट्टीच्या ओळीही वेगळ्या ठेवाव्यात का? नाही, पट्टी अख्खी एका आयटममध्ये. माझी कसोटी अशी: ज्या गोष्टी एकत्र जन्मतात, एकत्र वाचल्या जातात आणि नंतर बदलत नाहीत, त्या एकाच आयटममध्ये जाव्यात. ज्या एकेक करून, वेगवेगळ्या हातांनी येतात त्या सुट्या. आयटमची कमाल मर्यादा ४०० केबी आहे, पण खरी किंमत त्याच्या कितीतरी आधी लागते: ३० केबीच्या आयटममधला एक आकडा बदलला तरी ३० राइट युनिट जातात. विक्री लॉटच्या आयटममधल्या यादीत भरत गेलात तर प्रत्येक नव्या विक्रीला मागच्या सगळ्यांचे पैसे पुन्हा मोजाल. पट्टी मात्र एकदाच लिहिली जाते.

पट्टीत शेतकऱ्याचं नाव, गाव, प्रत्येक लॉटचा भाव, हमाली, गाडीभाडं, सगळं उतरवून ठेवा. ‘नाव दोन ठिकाणी झालं’ म्हणून घाबरू नका. पट्टी हा कागद आहे. उद्या शेतकऱ्याने नावातली चूक सुधारली तरी गेल्या महिन्यात दिलेल्या कागदावर जे छापलं होतं तेच दिसायला हवं. याउलट पेढीच्या चालू येण्याच्या यादीत खरेदीदाराचं नाव उतरवलंत तर ते शिळं होईल. तिथे आयडी ठेवा आणि नावं बॅच गेटने आणा, एका फेरीत १०० पर्यंत येतात. डेटाची नक्कल चालेल की नाही हे तो कागद आहे की चालू स्थिती, यावर ठरतं.

की अशी: पेढी#००७ | पट्टी#२५२६#००४५१७. मधला २५२६ म्हणजे आर्थिक वर्ष, आणि तो विसरू नका. पेढ्या १ एप्रिलला क्रमांक पुन्हा एकपासून सुरू करतात, म्हणजे हापूसच्या ऐन मोसमात. वर्ष नसेल आणि अटही नसेल, तर नवी पट्टी क्रमांक १ गेल्या वर्षीच्या पट्टी क्रमांक १ वर गुपचूप जाऊन बसेल. साधा पुट (आयटम लिहिण्याचा आदेश) जुना आयटम न विचारता पुसतो.

क्रमांकासाठी पेढीखालीच एक मोजणीचा आयटम ठेवा. पट्टीच्या ट्रान्झॅक्शनमध्ये तो एकाने वाढवा, अट: आपण वाचलेला आकडा अजून तोच असावा. क्रमांकात खाडे पडत नाहीत. सगळ्या बाजाराला मिळून एकच मोजणी ठेवू नका. तिथे प्रत्येक पेढी दुसरीची वाट बघत बसेल. लॉटच्या अनुक्रमालाही हीच युक्ती, पेढी आणि तारखेनुसार.

पट्टी बनवताना लॉट वाचला आणि पट्टी लिहिली, यामधल्या अर्ध्या सेकंदात कोणी त्याच लॉटची विक्री टाकली तर? वर ‘आवृत्ती’ वाढवत होतो ते यासाठीच. पट्टीच्या ट्रान्झॅक्शनमध्ये प्रत्येक लॉटला अट लावा: आवृत्ती वाचली तीच असावी, पट्टी क्रमांक नसावा, आणि मग क्रमांक लिहा. एका ट्रान्झॅक्शनमध्ये १०० पर्यंत कामं आणि एकूण ४ एमबी चालतात, म्हणजे एका शेतकऱ्याच्या पट्टीला भरपूर. ट्रान्झॅक्शनल राइटला दुप्पट युनिट लागतात: १२ केबीच्या पट्टीला २४. एवढ्यासाठी काटकसर करू नका.

खतावणी: इंडेक्स

शेतकऱ्याला सगळ्या पेढ्यांकडच्या पट्ट्या दाखवायला पहिला ग्लोबल सेकंडरी इंडेक्स, म्हणजे त्याच आयटमची वेगळ्या कीने लावलेली यादी. पट्टीच्या आयटमवर दोन जादा अ‍ॅट्रिब्यूट:

शेतकरी#(यूएलआयडी) | पट्टी#२०२५-०४-१२#००७#००४५१७

ज्या आयटमवर ही अ‍ॅट्रिब्यूट नाहीत ते इंडेक्समध्ये येतच नाहीत, म्हणून लॉट आणि विक्री इथे गर्दी करत नाहीत. इंडेक्समध्ये सगळी पट्टी नको, तारीख, पेढी आणि निव्वळ रक्कम पुरे. यादी तेवढ्यावर निघते, आणि शेतकऱ्याने बोट ठेवलं की मूळ टेबलातून अख्खी आणा. ग्लोबल इंडेक्स वाचताना स्ट्रॉन्गली कन्सिस्टंट (अजिबात शिळं नसलेलं) वाचन मिळत नाही. पट्टी झाल्यावर ती शेतकऱ्याच्या यादीत यायला क्षणभर लागू शकतो. तो देवगडला बसून बघतोय, त्याला चालेल. पण पट्टी बनवणाऱ्या मेहताजींना लगेच दाखवायची ती मूळ टेबलातून, इंडेक्समधून नाही.

दुसरा इंडेक्स ‘अजून राहिलेल्या’ गोष्टींचा. ज्या लॉटची पट्टी व्हायची आहे त्यावर ‘पेढी#००७#पट्टीबाकी’ ही की ठेवा, पट्टी होताच त्याच ट्रान्झॅक्शनमध्ये काढून टाका. खरेदीदाराच्या येण्याच्या आयटमवर ‘पेढी#००७#येणं’ आणि सॉर्ट कीत सगळ्यात जुन्या बाकीची तारीख. बाकी शून्य झाली की अ‍ॅट्रिब्यूट काढा. एकच इंडेक्स दोन्ही प्रश्नांना पुरतो, फक्त अ‍ॅट्रिब्यूटचं नाव ‘पट्टीबाकी’ वगैरे न ठेवता तटस्थ ठेवा.

खरेदीदार आणि पेढी हे तुमच्याकडचं अनेकास-अनेक नातं. मधल्या जोड-टेबलाऐवजी नात्याचाच आयटम: पेढी#००७ | खरेदीदार#(यूएलआयडी), आत बाकी, उधारीची मर्यादा, शेवटची जमा. उलट्या बाजूने, म्हणजे एका खरेदीदाराचे सगळ्या पेढ्यांकडचे देणे, पाहायचे असेल तर हाच आयटम पहिल्या इंडेक्सवर खरेदीदाराच्या कीखाली चढवा. पण आधी विचारा की ते कोणाला दाखवणार. खरेदीदाराला स्वतःचं दाखवणं ठीक. पेढ्यांना एकमेकांची उधारी दाखवायची नसेल, तर ती बाजू पेढीच्या लॉगिनला उघडू नका.

स्कॅन सोडून फिल्टर लावण्याचा मोह होईल. फिल्टर वाचून झाल्यावर लागतो. पैसे वाचलेल्याचे जातात, दिसलेल्याचे नाही. शिवाय क्वेरी एका वेळी १ एमबीच वाचते. फिल्टरमध्ये त्यातलं काहीच बसलं नाही तर रिकामं पान येतं आणि पुढची की हातात असते. ‘रिकामं आलं म्हणजे संपलं’ असं कोडमध्ये धरलंत तर मोसमाच्या सुरुवातीचे लॉट दिसेनासे होतील. पुढची की मिळत आहे तोवर वाचत राहायचं.

आजचा भाव

सगळ्या पेढ्या एकाच ‘फळबाजार#२०२५-०४-१२’ कीवर लिहितील, हॉट पार्टिशन (एकाच तुकड्यावर सगळा भार) होईल, म्हणून कीला ० ते ९ शेपूट लावून दहा तुकडे करावेत का? आधी हिशोब करा. समजा १००० विक्रेते आणि प्रत्येकाची दर १० सेकंदांनी एक विक्री. सेकंदाला १०० राइट झाले; छोट्या आयटमला मर्यादेचा दहावा हिस्सा. तुकडे केले तर प्रत्येक वाचनाला दहा क्वेरी. नको.

त्रास वेगळीकडून होईल. ‘आजची सरासरी’ असा एकच आयटम करून प्रत्येक विक्रीच्या ट्रान्झॅक्शनमध्ये तो बदलायला लागलात, तर सगळा बाजार त्या एका आयटमवर आपटेल आणि कॉन्फ्लिक्टने विक्रीच अडतील. भाव ट्रान्झॅक्शनबाहेर काढा. टेबलाच्या स्ट्रीमवरून (बदलांच्या प्रवाहावरून) एक लॅम्डा (बदल आला की आपोआप चालणारा छोटा प्रोग्राम) विक्री वाचेल आणि मिनिटा-मिनिटाने भावाचा आयटम लिहील. स्ट्रीममध्ये नोंदी २४ तास राहतात, आणि तीच नोंद लॅम्डाकडे दोनदा येऊ शकते. म्हणून ‘मिळव’ असं न करता त्या मिनिटाच्या विक्री पुन्हा मोजून आकडा बदला. वाचनाच्या बाजूला, सकाळी हजारो शेतकरी तोच आयटम उघडतील, तर पुढे अर्ध्या मिनिटाचा कॅश (तात्पुरती प्रत) लावा.

जाता जाता: हे सगळं डायनॅमोडीबीचं, जिथे पार्टिशन कीचं हॅश होतं आणि शेजारच्या की लांब-लांब पडतात. गूगलच्या डेटास्टोअरमध्ये की क्रमाने लागतात, तिथे सतत वाढणारी की एकाच टोकाला भार टाकते. तिथला लेख वाचून इथे की उलटसुलट करत बसू नका.

एक टेबल की अनेक

एकत्र वाचलं जातं ते एका टेबलात. पेढीची कीर्द, पट्ट्या, येणी एकत्र. शेतकरी, खरेदीदार आणि मोबाइल-आयटम दुसऱ्या टेबलात, कारण ते कधीच एका क्वेरीत पेढीबरोबर येत नाहीत. ट्रान्झॅक्शन दोन टेबलांवरही चालतं. ओटीपी आणि सेशन तिसऱ्यात, टीटीएल (आयटम आपोआप पुसण्याची मुदत) लावून, पण टीटीएलने आयटम लगेच जात नाही, काही दिवसही लागू शकतात, म्हणून मुदत कोडमध्येही तपासा. सगळं एका टेबलात घालण्याचा अट्टहास मला पटत नाही: बॅकअपमधून परत आणताना टेबल अख्खंच येतं, आणि हिशोबाची एक चूक सुधारताना लॉगिनची कचराकुंडी कोणाला हवी?

मोसमअखेरचे रिपोर्ट, म्हणजे कुठल्या तालुक्यातून किती पेट्या, कुठला भाव, यांसाठी इंडेक्स बांधू नका. पॉइंट-इन-टाइम रिकव्हरी (सतत चालणारा बॅकअप) चालू करा, टेबल एस३ या फाइल-साठ्यावर एक्सपोर्ट करा आणि त्या फाइलींवर अथेनाने एसक्यूएल चालवा. मालकांचे नवे प्रश्न तिकडे जाऊ देत.

आताच्या सात टेबलांचं काय

आंबा संपल्यावर, जूनमध्ये करा. नवं टेबल उभं करा. अ‍ॅपचं प्रत्येक नवं लिखाण जुन्यात आणि नव्यात दोन्हीकडे जाऊ द्या, वाचन जुन्यातूनच. मग जुना डेटा सरकवा, पण बॅच राइटने नाही: त्यात एका वेळी २५ आयटम जातात हे सोयीचं, पण अट लावता येत नाही, आणि मग सकाळी बदललेल्या आयटमवर रात्रीची जुनी प्रत जाऊन बसते. ‘की आधी नसावी’ या अटीसह एकेक पुट करा. एक फट तरीही राहते: नव्या टेबलात अजून न आलेल्या आयटमवर बदल आला तर दुहेरी लिखाणाचा अपडेट अर्धाच आयटम तयार करेल. म्हणून त्या काळात अपडेटऐवजी जुन्यातून अख्खा आयटम वाचून नव्यात पुट करा. मोबाइल नंबरामुळे दोन झालेले शेतकरी याच टप्प्यावर एका यूएलआयडीखाली आणा. नंतर ते जड जाईल.

सरकवून झाल्यावर प्रत्येक पेढीसाठी दोन्हीकडून तीन आकडे काढून ताडून बघा: पट्ट्यांची संख्या, निव्वळ रकमांची बेरीज, खरेदीदारांचं एकूण येणं. जुळले की त्या पेढीचं वाचन नव्या टेबलावर वळवा, एकेका पेढीने, सगळा बाजार एकदम नाही. जुनी टेबलं ऑफलाइन राहिलेले फोन सिंक होईपर्यंत ठेवा. एखादा मेहताजी जुन्या आवृत्तीचं अ‍ॅप घेऊन गावाला गेलेला असतोच.